डोंगरातलं शहर: नकाशा मोठा, माणसं थोडी



वेरूळला जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. लेकरांना घेऊन आपण तो चढतो, भुयार बघतो, खाली येऊन पेरू खातो. याच डोंगराच्या पायथ्याशी दिल्लीच्या बादशहानं राजधानी वसवायचं ठरवलं होतं. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं देवगिरीचं नाव दौलताबाद ठेवलं आणि दिल्लीतली माणसं इकडे आणली. काही वर्षांतच राजधानी परत दिल्लीला गेली. हुकूम होता, किल्ला होता, पण शहर काही टिकलं नाही.

ही जुनी गोष्ट झाली. आपल्याच राज्यात, आपल्या डोळ्यांदेखत असंच एक शहर उभं राहायला निघालं होतं. त्याचं नाव लवासा. बैठकीत कुणीतरी विचारतं, "ते डोंगरातलं शहर म्हणतात ते काय? तिथं राहतं तरी कोण?" म्हणून या अंकात त्याची माहिती.

लवासा कसं सुरू झालं?

१९९६ साली राज्य सरकारनं नवीन थंड हवेची ठिकाणं वसवायचं धोरण आणलं. महाबळेश्वर, माथेरान इंग्रजांनी वसवली, आता खाजगी कंपन्यांनी नवीन वसवावीत, असा विचार होता. २००१ मध्ये पुणे जिल्ह्यात मोसे नदीच्या खोऱ्यातली १८ गावं त्यासाठी जाहीर झाली. हे खोरं वरसगाव धरणाच्या वरच्या अंगाला आहे. धरणासाठी इथली काही गावं आधीच एकदा उठली होती.

सुमारे २५ हजार एकरांवर शहराचा आराखडा झाला. एकाच्या जागी पाच लहान शहरं होणार होती. त्यातलं पहिलं दासवे. तिथं तळ्याकाठी इटलीतल्या गावासारख्या रंगीत इमारती उभ्या राहिल्या. पूर्ण झाल्यावर दोन ते तीन लाख माणसं राहतील, असं सांगितलं गेलं.

आणखी एक गोष्ट झाली. २००८ मध्ये बांधकामाला परवानगी द्यायचा अधिकार शहर बांधणाऱ्या कंपनीलाच मिळाला. म्हणजे घर बांधणारा तोच आणि परवानगी देणाराही तोच. २०१७ मध्ये सरकारनं हा अधिकार काढून घेतला.

मग अडलं कुठं?

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायला सांगितलं. डोंगर फोडायला लागणारी पर्यावरणाची मंजुरी घेतलेली नाही, हा आक्षेप होता. वर्षभरानं अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. पण तोवर कर्जाचं व्याज चढत गेलं होतं. आपण गटात म्हणतोच ना, हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही! ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. पुढं कंपनी कुणी घ्यायची यावरच वर्षं गेली.

आज तिथं शनिवार-रविवारी फिरायला गर्दी होते. पण नकाशातली लाखांची वस्ती काही आली नाही. कितीतरी घरं कुलूपबंद, कितीतरी इमारती अर्धवट आहेत. हजारो लोकांनी पैसे भरले, त्यांतले अनेक घराची वाट बघत राहिले. आणि मूळ गावांतल्या काही कुटुंबांनी, त्यात कातकरी आदिवासीही होते, जमीन गेल्याच्या आणि मोबदला नीट न मिळाल्याच्या तक्रारी केल्या. शहर पुरं होवो न होवो, गेलेली जमीन सहसा परत येत नाही.

आपलं शहर मात्र का वाढलं?

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरचं बघा. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी गावी शहर वसवलं. त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. आधी पाण्याची सोय झाली, मग माणसं टिकली. पुढं १९७० नंतर कारखाने आले, सिडकोनं वसाहती बांधल्या. हाताला काम होतं म्हणून खेड्यांतून माणसं आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांवर होती. आज पाण्यासाठी शहर पैठणच्या नाथसागराकडे बघतं आणि तरी नळाला कितीदा पाणी येतं, ते शहरातल्या आपल्या बहिणींना विचारा.

म्हणजे पाणी, काम आणि राहणारी माणसं, या तिन्हींवर शहर उभं राहतं. नुसत्या सुंदर चित्रावर नाही.

हे आपल्याला का कळायला हवं?

कारण नवीन शहरं आपल्याही दारात येतायत. शेंद्रा-बिडकीनला सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक हे औद्योगिक शहर होतंय. ७ सप्टेंबर २०१९ ला बचत गटांच्या मोठ्या मेळाव्याला आपल्यातल्या कितीतरी जणी शेंद्र्याला गेल्या होत्या, त्याच दिवशी ऑरिकच्या मुख्य इमारतीचं उद्घाटन झालं. त्यातून काम मिळेल, भाजी-दूध विकलं जाईल, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जमिनीचा व्यवहार होतो तेव्हा सही कुणाची लागते? सातबारावर ज्याचं नाव आहे त्याची. खुरपणारी बाई, सही मात्र दुसऱ्याची!

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एवढं जरूर बोला:

• घरचा सातबारा काढून आणा. त्यावर तुमचं नाव आहे का, वाचून बघा.
• नाव नसेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. मग तिच्या हिश्शाचा व्यवहार तिच्या सहीशिवाय होत नाही.
• २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. कुणी "हक्कसोडपत्रावर सही कर" म्हटलं तर घाई करू नका. आधी वाचून घ्या, दुसऱ्याकडून वाचवून घ्या.
• दलाल थेट जमीन मागायला आला तर "नाही" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. दर, हप्ते, सगळं कागदावर हवं. तोंडी बोलण्यावर अंगठा नको.
• ग्रामसभेत विचारा: या प्रकल्पाला पाणी कुठून आणणार? आमच्या विहिरींचं काय?

गटात दहा रुपयांची नोंद चुकली तरी आपण वही पुन्हा तपासतो. जमिनीच्या कागदाला तेवढीच नजर लावू या.