लिंबू पिळलेला पाक आणि फ्लोरिनचं प्लास्टिक

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यात पाक आटवून दाणे वाढवतात, तरी सगळी साखर दाण्यांत उतरत नाही. सोबत मिसळलेल्या इतर घटकांमुळे थोडी मळीतच अडकते. घरी पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतात, त्यामागचं कारणही याच जातीचं. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे दोघे पाकात पुरते मिसळतात, पण साखरेच्या रांगेत बसत नाहीत, उलट रांग मोडतात. चांगलं मिसळणारा सोबती स्फटिक बिघडवतो, ही गोष्ट फ्लोरिनयुक्त प्लास्टिकांनाही लागू पडते.

पीव्हीडीएफ हे असं एक प्लास्टिक. त्याच्या लांब साखळ्यांचा जेमतेम निम्मा भाग स्फटिकात बसतो, आणि ते स्फटिक १७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. दोन प्लास्टिकं वितळवून ढवळली की एकजीव होतील, असं वाटतं. बहुधा होत नाहीत. साखरेचे सुटे रेणू पाण्यात मोकळे पसरतात, तशी मोकळीक लांब साखळ्यांना फारशी नसते. म्हणून आपसात ओढ लागते. पीव्हीडीएफमधल्या हायड्रोजनला अॅक्रिलिक या दुसऱ्या प्लास्टिकमधल्या ऑक्सिजनची ती ओढ असते. हायड्रोजनच नसलेल्या टेफ्लॉनला ती मिळत नाही. १९७५ साली निशी आणि वँग यांनी दाखवलं, की अॅक्रिलिक वाढवत नेलं तसा पीव्हीडीएफचा वितळणबिंदू खाली येतो. दोघं वेगवेगळे नांदत असते, तर तो जवळपास जागचा हलला नसता. अॅक्रिलिक निम्म्याच्या वर गेलं आणि मिश्रण झटकन थंड केलं, तर स्फटिक बहुतेक बनतच नाहीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, साखरेचा रेणू इवलासा आणि इथे हजारो दुव्यांची साखळी, मग तुलना कशी चालेल? साखळी गुंतते, सरकायला वेळ घेते, हे खरंच. म्हणून इथे थंड करण्याचा वेग पाकापेक्षाही निर्णायक. तुलना तिथेच थांबवावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मिसळल्याने स्फटिक कमी होणार असतील, तर मिसळायचंच कशाला? कारण नुसतं पीव्हीडीएफ धातूला नीट चिकटत नाही. म्हणूनच इमारतींच्या अॅल्युमिनियमवरच्या टिकाऊ रंगात वजनाने ७० भाग पीव्हीडीएफ आणि ३० भाग अॅक्रिलिक घेतात: ऊनपावसाला पहिलं तोंड देतं, धातूला आणि रंगद्रव्याला धरून ठेवायचं काम दुसरं करतं.