घरात सेंट्रल एसी बसवताना

तंजावर जिल्ह्यातले पापनाशम कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात येते. हवा दमट, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. त्यामुळे इथल्या घरात सेंट्रल एसीचे बाहेरचे युनिट पाणी साचणार नाही अशा उंच ओट्यावर घट्ट बसवावे. स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवेच. तांब्याच्या नळ्यांची गळती कोरड्या नायट्रोजननेच तपासावी. ऑक्सिजन कधीही वापरू नये, दाबाखाली तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. मग व्हॅक्यूम पंपाने दाब ५०० मायक्रॉनच्या खाली आणून पंप थांबवावा आणि मापकाकडे पाहत राहावे. आकडा चढतच राहिला, तर आत ओल किंवा गळती आहे. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, हे फार वाईट. आर-३२ हा शीतक वायू काहीसा ज्वलनशील असल्याने तो भरताना जवळपास ज्योत नको. पाण्याच्या निचऱ्याच्या नळीला मीटरमागे निदान १ सेंटिमीटर उतार द्यावा.