शब्दाआधी लय

तान्हे मूल शब्द उच्चारण्यापूर्वीच भाषेची लय ओळखू लागते. मातेच्या उदरात व्यंजने पुसट ऐकू येतात. पण तिच्या बोलण्यातील चढउतार व ठेका तेथवर पोहोचतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका प्रयोगात नवजात अर्भकांना, ध्वनी मुद्दाम धूसर करून, परक्या भाषांतील वाक्ये ऐकविण्यात आली. इंग्रजी व जपानी यांतला भेद त्यांना जाणवला, हे त्यांच्या चोखण्याच्या बदललेल्या वेगावरून दिसले. इंग्रजी व डच यांतला मात्र जाणवला नाही. कारण त्या दोहोंची लय एकाच जातीची.

हीच अंगवळणी पडलेली लय परभाषा शिकताना आडवी येते. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना त्यांचे पुरते माप देतो. इंग्रजीत आघाताचे अक्षर लांबते व शेजारची आक्रसतात. ‘फोटोग्राफ’मधील आघात ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि पहिला ‘फो’ जेमतेम ‘फ’ उरतो. म्हणूनच माझ्या वर्गातील, स्पेलिंग बिनचूक लिहिणारी मुलगी इंग्रजी बातम्या ऐकताना गोंधळते. तिला मंद म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या कानांना आम्ही काही शिकविलेच नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, पुस्तक उघडण्याआधी एखादे वाक्य चारदा ऐकवा, आघातावर टाळी वाजवायला लावा आणि मगच ते फळ्यावर लिहा. मातृभाषा आपण सारे याच क्रमाने शिकलो आहोत.