केकवरची एकच मेणबत्ती

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला पालिकेच्या शाळेतला दुसरीचा वर्ग उघडतो. भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रं. बाक लहान मुलांच्या मापाचे, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीचे पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले दिसतात. एरवी इथे फक्त चहा असतो. आज टेबलावर अर्धा किलोचा केक आहे, आणि त्यावर एकच मेणबत्ती.

वाढदिवस ज्याचा आहे, तो रिक्षा चालवतो. वय सत्तेचाळीस. आज त्याच्या दारू न पिण्याला एक वर्ष पूर्ण झालं. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'ए. ए.' म्हणतात त्या गटाच्या बैठकीत आडनाव सांगायचं नाही, फी भरायची नाही आणि कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, असा रिवाज आहे. प्रत्येकानं आपापलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाढदिवसाला मात्र घरच्यांना बोलावतात. त्याची मुलगी पुढच्या बाकावर बसली आहे. बायको दाराजवळ, चप्पल पायातून न काढता.

गटातल्या सर्वांत जुन्या सभासदानं त्याच्या हातात एक पदक ठेवलं. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, वर '१' कोरलेला. टाळ्या झाल्या. मग पद्धतीप्रमाणे घरच्यांनी दोन शब्द बोलायचे. बायको आधी नाहीच म्हणाली. आग्रह झाल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "वर्षभर हा पिऊन आलेला नाही, हे खरं आहे. पण रोज रात्री दार उघडताना मी वास घेते. आज इथे येताना रिक्षातसुद्धा घेतला." वर्ग क्षणभर गप्प झाला. मग कोपऱ्यातून एकानं टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

दारू सोडल्याचा वाढदिवस ही कल्पना आपल्याकडे अनेकांना विचित्र वाटते. न पिणाऱ्या माणसाचं कुणी कौतुक करत नाही. मग ज्यानं घर धुळीला मिळवलं त्याला केक कशासाठी? हा प्रश्न नातेवाईक विचारतात, आणि तो चुकीचा नाही. त्याचं उत्तर शोधायला थोडं शरीरात शिरावं लागतं.

रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंदावते, म्हणून मेंदू आपला वेग वाढवून ठेवतो. अचानक दारू थांबली की ब्रेक निघतो, वेग तसाच राहतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, गेलेली माणसं बोलावतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं. ही अवस्था वेळेवर उपचार न झाल्यास जीवघेणी ठरू शकते. आपल्याकडे गटारीला पोटभर पिऊन श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून एकदम बंद करणारे कमी नाहीत. त्यातल्या काहींना तिसऱ्या दिवशी नातेवाईक रुग्णालयात आणतात, आणि 'बाहेरचं काहीतरी लागलंय' असं सांगतात. म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला प्यावी लागते, त्यानं केवळ निर्धारावर सोडू नये. डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं आणि 'थायमिन' म्हणजे ब-१ जीवनसत्त्व घेऊन सोडावी. प्रत्येक वेळी सोडून पुन्हा धरली तर पुढच्या वेळचा हा त्रास अधिक तीव्र होण्याकडे कल असतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

हे पहिले पाच-सात दिवस औषधांनी निभावता येतात. खरी अडचण त्यानंतर. गटांमध्ये चोवीस तास, तीस दिवस, नव्वद दिवस, सहा महिने, वर्ष असे टप्पे मानतात. ते कुणा डॉक्टरनं ठरवलेले नाहीत, पण शरीराच्या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळतात. यकृतात साठलेली चरबी बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरू लागते. रक्तदाब उतरतो. दारूनं फुगलेल्या लाल पेशींच्या जागी नव्या यायला तीन-चार महिने जातात, कारण लाल पेशीचं आयुष्यच साधारण १२० दिवसांचं. झोप मात्र सर्वांत चिवट. ती रुळावर यायला कित्येकांना अनेक महिने लागतात. आणि झोप न येणारा माणूस रात्री दोन वाजता कोणता विचार करतो, हे त्या वर्गातल्या कुणालाही विचारावं. यकृत आकसून घट्ट झालं असेल, म्हणजे सिऱ्हॉसिस असेल, तर ते पूर्ववत होत नाही. पण तेव्हाही सोडल्यानं आयुष्य वाढतं.

गोम अशी की यातलं काहीच माणसाला त्या क्षणी जाणवत नाही. दारूचा फायदा दहा मिनिटांत मिळतो. न पिण्याचा फायदा महिन्यांनी, तोही रक्ताच्या रिपोर्टात. व्यसनी मेंदूला दूरचा मोठा लाभ फिका वाटतो आणि जवळचा छोटा खुणावतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. पदक आणि टाळ्या तो दूरचा लाभ जवळ आणून ठेवतात. अमेरिकेत नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तर तपासणीत नशा न आढळणाऱ्यांना लहानसहान बक्षिसांची चिठ्ठी काढू दिली, आणि अशी माणसं उपचारात जास्त काळ टिकतात हे दाखवलं. ऐकायला पोरकट वाटतं. पण मोठ्या माणसाच्या मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा मुलाच्या यंत्रणेहून फार शहाणी आहे, असा आपला उगाचच समज असतो.

आपल्याकडे याआधीही दारू सोडण्याचे मार्ग होते. माळ घालणं हा त्यातला मोठा. तुळशीची माळ गळ्यात पडली की गावासमोर शब्द दिला जातो, सोबतीला दिंडी मिळते, एकादशी मिळते, आणि अनेकांची सुटली ती अशीच. दुसरा मार्ग शपथेचा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून. तो बहुधा टिकत नाही. कारण शपथ आयुष्यभराची असते, आणि व्यसनी माणसाला आयुष्यभर हा शब्दच पेलत नाही. गट त्याच्याकडून आयुष्य मागत नाही. फक्त आजचा दिवस पिऊ नको, म्हणतो. उद्याचं उद्या. रिक्षावाल्यानं बायकोला आजवर सात वेळा शपथ दिली होती. गटात त्यानं एकही दिलेली नाही, फक्त दिवस मोजले.

या मोजणीचा उगमही सांगण्यासारखा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. दोघेही दारूनं गांजलेले. एकमेकांशी बोलत राहिलं की पिण्याची ओढ सहन होते, असं त्यांच्या लक्षात आलं. काही दिवसांनी डॉ. स्मिथ वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परत आल्यावर त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जूनला. तोच दिवस 'ए. ए.'चा स्थापनादिन मानला जातो. म्हणजे संस्थेचा वाढदिवसच मुळी एका घसरणीनंतरचा. पुढे त्याच गावच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची जोगीण बऱ्या झालेल्या रुग्णांना घरी जाताना एक छोटा बिल्ला देई. अट एवढीच, की पुन्हा प्यायचं ठरवलंस तर आधी हा बिल्ला परत आणून द्यायचा. पुढच्या काळात गटोगटी पदकं आली. भारतात या गटांचं काम १९५७ पासून आहे. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलं, आणि रुग्णाबरोबर त्याच्या बायकोला, आईलाही उपचारात सामील करून घेण्याची वाट घालून दिली.

गटांचा उपयोग होतो का, यावर डॉक्टरमंडळी बराच काळ साशंक होती. २०२० साली कॉक्रन या संस्थेनं २७ अभ्यासांचा, त्यातल्या १०,५६५ जणांचा आढावा घेतला. 'ए. ए.'शी जोडून देणारा पद्धतशीर उपचार घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४२ जण वर्षभरानं पूर्णपणे दारूपासून दूर होते; इतर मानसोपचार घेतलेल्यांत ३५. अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे खरं. पण याच आकड्याची दुसरी बाजूही बघावी: चांगले उपचार मिळूनही निम्म्याहून अधिक जण पहिल्या वर्षात कधी ना कधी घसरतात.

त्या शनिवारीही एक जण होताच. सहा वर्षं प्यायला नव्हता. पुतण्याच्या हळदीत कुणीतरी ग्लास पुढे केला, 'आता काय होतंय, सहा वर्षं झाली की' म्हणाला. पुढचे दोन महिने कसे गेले ते त्यानं सांगितलं नाही. केक कापून झाल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "आज नऊ दिवस." टाळ्या रिक्षावाल्याच्या वर्षाला झाल्या तेवढ्याच जोरात झाल्या.

वाढदिवसांचा खरा धोका इथे आहे. सहा वर्षांचा आकडा शून्यावर आला की माणसाला वाटतं, सगळंच वाया गेलं. मग एका ग्लासाची बाटली व्हायला वेळ लागत नाही. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी या मनोवस्थेवर बरंच लिहिलं आहे: पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरची शरम जास्त नुकसान करते. शरमेपायी काही जण घसरण लपवतात आणि खोटा वाढदिवस साजरा करतात. वास्तविक त्या सहा वर्षांत सुधारलेलं यकृत एका रात्रीत बिघडत नाही, शिकलेली सवय पुसली जात नाही. पदक परत द्यावं लागलं तरी ती वर्षं त्याचीच असतात. दुसरा धोका उलट्या बाजूचा. वर्षाच्या आसपास 'आता मी बरा झालो' ही भावना बळावते, मीटिंगा सुटतात, आणि 'एखाद्या दिवशी मोजून घ्यायला काय हरकत आहे' हा हिशेब सुरू होतो. वर्ष हा टप्पा मोठा असला तरी अपुरा आहे. जॉर्ज वेलंट यांनी अमेरिकेत काही पुरुषांचा अनेक दशकं माग ठेवला. त्यात पाच वर्षं न प्यायलेल्यांमध्ये पुन्हा व्यसनात पडणारे विरळा होते. विरळा, पण होते.

बायकोच्या वास घेण्याचं काय? तिला कुणी संशयी म्हणू नये. नवऱ्याच्या मेंदूनं दारूशी जुळवून घेतलं, तसं तिच्या मनानं धोक्याशी जुळवून घेतलं होतं. ते सुटायलाही तेवढाच वेळ लागतो. बायका-मुलांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे वेगळे गट आहेत. मध्यंतरी तिनं जाहिरात वाचून त्याच्या नकळत आमटीत पुडी कालवली होती, असंही तिनं नंतर सांगितलं. हे कधीच करू नये. अशा पुडीत काय आहे हे ठाऊक नसतं, आणि डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच द्यायचं असतं.

त्या खोलीत पिणारी म्हणून आलेली एकही स्त्री नव्हती. स्त्रिया पीत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायला घरचं कुणी येईल, याची त्यांना खात्री नाही.

२०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलातरी उपचार मिळतो. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात हे उपचार होतात. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

साडेआठला बाक सरळ लावून, फळा पुसून वर्ग बंद झाला. उरलेला केक बायकोनं डब्यात भरला. शेजारी विचारतीलच, कसला केक. "मुलीचा वाढदिवस होता म्हणून सांगेन," ती दुसऱ्या एकीला म्हणाली, आणि रिक्षात मागे न बसता पुढे, त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसली.