खडकी : एका दुपारचा इतिहास आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन

आपल्या व्यापारी कुटुंबांत पुण्याची फेरी बहुधा कामानिमित्त होते. लग्नाचा बस्ता, डॉक्टरांची भेट किंवा मुलांचा प्रवेश. काम आटोपले की एखाद्या चांगल्या उपाहारगृहात जेवायचे आणि रात्री घर गाठायचे. दुकान बंद ठेवून सर्वांनी एकत्र काढलेला दिवस दुर्मीळ असतो. असा दिवस मिळालाच, तर त्यातील अर्धा खडकीसाठी राखून ठेवावा असे मी सुचवेन. पुढे ज्यांच्या हाती चोपडी येणार आहे, त्या मुलांना येथे इतिहासाबरोबर व्यवहारही शिकता येतो.

युद्ध आणि त्यामागचा हिशेब

खडकी म्हटले की दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि छावणीचा बाजार आठवतो. परंतु ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी आणि गणेशखिंड यांच्यामधील मोकळ्या माळावर पेशवाईचे भवितव्य ठरले. एका बाजूला बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौज होती, दुसऱ्या बाजूला कर्नल बर यांची कंपनीची पलटण. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी चारच दिवस आधी ही पलटण गारपिरावरून खडकीला हलवली होती. कंपनीचे सैन्य तीन हजारांच्या आत, तर मराठी फौज त्याच्या कितीतरी पट. तरीही मराठी घोडदळाचा हल्ला इंग्रजांच्या आघाडीपुढील दलदलीत अडकला. जरीपटका सांभाळणारे मोरोपंत दीक्षित धारातीर्थी पडले. दुसरे बाजीराव हे युद्ध पर्वतीवरून पाहत होते, असे सांगतात. लढाई एका दुपारीच संपली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

माझ्या नातवाने येथे विचारले, "आजोबा, एवढी फौज असून आपण हरलो कसे?"

दलदल आणि तोफा हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे आपण व्यापाऱ्यांनी मुलांना सांगायला हवे. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. स्वतःच्या संरक्षणासाठी कंपनीची फौज ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चापोटी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असा तो करार होता. जून १८१७ च्या पुणे तहात आणखी मुलूख आणि अधिकार गेले. नोव्हेंबरात लढण्याचा निर्णय झाला तेव्हा समोर उभी होती ती याच करारान्वये पुण्यात आलेली फौज. उत्पन्नाचे साधनच गहाण टाकून घेतलेला आधार मालकाला सोडवत नाही, बांधून टाकतो. बँकेत कर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात माझे आयुष्य गेले. या सूत्राला मला अपवाद फारसा आढळला नाही.

या हिशेबाची अखेरची नोंदही मुलांना सांगावी. जून १८१८ मध्ये बाजीराव जॉन माल्कम यांना शरण गेले आणि वार्षिक ८ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन गंगातीरी बिठूरला राहिले. १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वेतन चालू होते. सेनापती बापू गोखले मात्र फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत कामी आले.

युद्ध स्मशानभूमी

खडकीची युद्ध स्मशानभूमी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखरेखीखाली आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाधी येथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या, कायमची निगा राखणे अशक्य झालेल्या समाधी येथे एकत्र आणण्यात आल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत.

अहिंसा हा परमधर्म मानणाऱ्यांनी युद्धाची जागा कशासाठी पाहावी, असे कोणी विचारील. आमची नात समाधीवरील वये वाचत चालली होती : एकोणीस, बावीस, वीस. थोड्या वेळाने तिने विचारले, "यांना भेटायला कोण येते?" कोणाजवळच उत्तर नव्हते. अहिंसेवरील अनेक व्याख्याने तिने ऐकली आहेत, परंतु घरी परतेपर्यंत ती बोलत राहिली ती या वयांविषयीच.

येथे खाणे, खेळणे, मोठ्याने बोलणे टाळावे. खडकीत बराच भाग लष्करी हद्दीत येतो. फलक पाहिल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

गणेशखिंडीचा वाडा

खडकीहून जवळच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुंबईच्या गव्हर्नरांचे हे पावसाळी निवासस्थान. बांधकाम १८६४ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. २२ जून १८९७ च्या रात्री येथील समारंभातून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, ती गणेशखिंडीच्या याच रस्त्यावर. १९४९ पासून येथे विद्यापीठ नांदते आहे.

या वाड्याचे आरंभवर्ष ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सरकारपासून सटोडियांपर्यंत सर्वांचाच हात सैल झाला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापूस कोसळला, पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही. वाड्याच्या उधळपट्टीवर पुढे इंग्लंडच्या संसदेतही टीका झाली.

त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव सुरतच्या एका जैन व्यापाऱ्याचे होते : प्रेमचंद रायचंद. मंदीत त्यांचेही अपरिमित नुकसान झाले. परंतु मुंबई विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या दोन लाख रुपयांतून उभा राहिलेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेला, मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही वेळ सांगतो. राजाबाईंची दृष्टी गेली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची वेळ त्यांना घंटेवरून कळावी, अशी त्यामागची कथा सांगितली जाते. तेजीतले बाकी सारे बुडाले, दिलेले तेवढे उरले.

भोजनाचे नियोजन

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण संध्याकाळी येते. नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. थाळीची बहुतेक भोजनगृहे दुपारी तीननंतर बंद होतात आणि पुन्हा उघडतात ती दिवेलागणीनंतर. म्हणून मुख्य जेवण दुपारीच करावे. संध्याकाळसाठी फर्ग्युसन रस्त्यावरील 'वैशाली' किंवा 'रूपाली' यांसारखी दिवसभर चालू असणारी उपाहारगृहे सोयीची पडतात. साडेचारपर्यंत पोहोचावे, सुट्टीच्या दिवशी जागेसाठी थांबावे लागते.

मागणी देताना केवळ "जैन" म्हणून थांबू नये. सांबारात कांदा असतो, डोशातील भाजीत बटाटा. साधा डोसा, भाजीविना, नारळाच्या चटणीसह, असे स्पष्ट सांगावे. द्विदल पाळणाऱ्यांनी दही घातलेल्या पदार्थांविषयी, तर आंबवलेले न खाणाऱ्यांनी इडली-डोशाविषयी आधीच ठरवावे. अनेक ठिकाणी बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची जैन पावभाजी मिळते. शंका वाटल्यास सोबतचे खाखरे आणि उकळलेले पाणी आहेच. वाढप्यावर चिडू नये. नियम आपला आहे, तो समजावून सांगण्याचे कामही आपलेच.

दुपारचे जेवण आणि हा अल्पोपाहार यांच्यामध्ये शनिवारवाडा पाहून होतो. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याला तेव्हा १६,११० रुपये खर्च आला होता. १८२८ च्या आगीत आतील इमारती गेल्या. तट, दरवाजे आणि जोती राहिली.

जाता जाता एक काम

१८१७ नंतर खडकीला छावणी वसली आणि छावणीपाठोपाठ बाजार. धान्य, कापड, सावकारी यांसाठी व्यापारी आले. पुणे, अहमदनगर, देवळाली येथील छावण्यांतही असेच बाजार भरले. मारवाड-गुजरातेतून आलेल्या आपल्यापैकी अनेक घराण्यांनी अशाच एखाद्या पेठेत पहिले दुकान मांडले. कोणत्या वर्षी, कोणाच्या ओळखीने, किती भांडवलावर, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. जुन्या चोपड्या तर बहुतेकांनी रद्दीत घातल्या.

परतीच्या प्रवासात मुलांना एवढेच सांगावे : घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून आपल्या दुकानाचे पहिले वर्ष लिहून काढा. ते काम याच सुट्टीत व्हावे.