चाप ओढण्याआधी चावीचा विचार

घरात रिव्हॉल्व्हर असावं की नसावं? नवरा-बायकोनं मिळून शूटिंग रेंजवर शोधलेलं उत्तर

“तू आधी मार,” हे म्हणाले.

“नको, तुम्हीच आधी,” मी म्हणाले.

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण एकमेकांना इतका मान आम्ही यापूर्वी कधी दिला नव्हता! समोरच्या टेबलावर .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. सिनेमात नायक ते बोटावर गरगर फिरवतो. प्रत्यक्षात हातात घेतलं तेव्हा किराणा दुकानातल्या पाऊण किलोच्या वजनाची आठवण झाली.

यांची बदली झाली आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याहून सेक्टर ६७ मध्ये राहायला आलो. सांगताना सगळे ‘चंदीगड’ सांगतात, पण हा सेक्टर पंजाबातल्या मोहालीचा. रस्ते रुंद, घरं ऐसपैस. मात्र रात्री नऊनंतर चिटपाखरू दिसत नाही. यांना महिन्यातले दहा दिवस फिरती. घरात मी आणि नऊ वर्षांचा मुलगा. अशातच मागच्या गल्लीत चोरी झाली. शेजारच्या सरदारजींनी लगेच सल्ला दिला, “परवाना काढा आणि एक रिव्हॉल्व्हर घेऊन टाका!” पंजाबात परवान्याच्या हत्याराचं फारसं कुणाला नवल वाटत नाही. यांच्या मनानं ते घेतलं. मी एकच अट घातली, आधी दोघांनी मिळून शिकायचं.

तसंही शिकल्यावाचून सुटका नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्यानं हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

आधी नियम, मग नेम

गावाबाहेरच्या रेंजवरचे प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले. पहिला तासभर त्यांनी आम्हाला काडतूस दाखवलंसुद्धा नाही. चार गोष्टी मात्र पाढ्यासारख्या म्हणून घेतल्या. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं. नळी कधीही माणसाकडे वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं, कारण गोळी निशाणापाशी थांबतेच असं नाही.

मग कानांवर जाड आवरणं आली, डोळ्यांवर चष्मे आले. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात सहा काडतुसं बसतात. घोडा अंगठ्यानं मागे ओढून ठेवला तर चाप हलक्या दाबानं सुटतो. नाहीतर घोडा उठवण्याचं कामही चापालाच करावं लागतं आणि बोटाला चांगलाच जोर लागतो. नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची. निशाण थोडं धूसर दिसलं तरी चालतं. हे तर मला अगदी उलटं वाटलं होतं!

मी पहिली गोळी झाडली. कान झाकलेले असूनही आवाज छातीत घुसला, हात वर उडाला आणि डोळे मिटले. गोळी कुठे गेली, देव जाणे. दहा मीटरवरचा कागद कोराच्या कोरा!

रिकाम्या घराची परीक्षा

यांच्या पहिल्या तीन गोळ्या कागदावर लागल्या. हे खूश. प्रशिक्षक नुसते हसले. त्यांनी आमच्याकडे पाठ करून रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं. काही घरांत खरी काडतुसं, काहींत उडवलेली रिकामी. कुठल्या घरात काय, ते आम्हाला ठाऊक नाही.

यांनी चाप ओढला. नुसताच ‘खट्’ असा आवाज झाला, पण नळी वीतभर खाली गेली! आवाज नाही, धक्का नाही, तरी हात दचकला होता. म्हणजे धक्का बसण्याआधीच शरीर घाबरतं आणि नेम चुकतो. माझीही तीच गत झाली.

“इथे भरपूर उजेड आहे, समोर कागद आहे, आणि मी शेजारी उभा आहे,” प्रशिक्षक म्हणाले. “रात्री दोन वाजता, झोपेतून उठल्यावर काय होईल?”

आम्ही दोघंही गप्प झालो.

नवराच जेव्हा गुरू होतो

चहाच्या वेळी विषय निघाला पंजाबच्या हीना सिद्धूचा. पतियाळाची ही दंतवैद्यकीची पदवीधर मुलगी २०१३ मध्ये मुंबईच्या रोनक पंडितशी लग्न करून महाराष्ट्राची सून झाली. रोनक स्वतः नेमबाज. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेला. सासरे अशोक पंडित यांनीही १९९० मध्ये ऑकलंडला सेंटर फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावलं होतं. लग्नाच्याच वर्षी हीनानं म्युनिकला विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, पुढच्या वर्षी ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णही तिचंच. या काळात तिचा प्रशिक्षक होता तिचा नवरा!

मला आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत आठवली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकून, या स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. या मुलींनी त्यासाठी वर्षानुवर्षं सराव केला. आम्ही एका दुपारच्या भरवशावर घराचं रक्षण करायला निघालो होतो.

चावी कुठे ठेवायची?

घरी परतताना मी यांना विचारलं, “रिव्हॉल्व्हर ठेवणार कुठे?”

“कपाटात, कुलपात.”

“आणि काडतुसं?”

“वेगळी. तीही कुलपात.”

“मग चावी? मुलाच्या हाताला लागता कामा नये आणि मला अंधारात चटकन सापडली पाहिजे. अशी जागा आपल्या घरात दाखवा.”

यांनी घरी येऊन खरोखरच जागा शोधल्या. देव्हारा, पिठाचा डबा, माळा, पलंगाचा खण. मुलगा मागे मागे फिरत होता, “बाबा, काय शोधताय?” सोसायटीतल्या प्रत्येक लपंडावात हाच पहिला येतो. दहा मिनिटांत हे खुर्चीवर बसले.

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास महिलांसाठी ‘निर्भीक’ हे सुमारे अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. हत्यार हलकं झालं हे खरं, पण चावीचा प्रश्न तसाच राहिला.

ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो. आम्ही आमच्यापुरतं ठरवलं. परवान्याचा अर्ज भरला नाही. मागच्या दाराला भक्कम जाळी बसवली, गच्चीवर दिवा लावला, गल्लीतल्या सहा घरांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले आणि ११२ हा क्रमांक मुलाकडून पाठ करून घेतला.

रेंज मात्र सुटली नाही. दर रविवारी आम्ही दोघं तिथे एअर पिस्तूल चालवायला जातो. मागच्या महिन्यात माझे गुण यांच्यापेक्षा अकरानं जास्त होते. चावीचं म्हणाल, तर आमच्या घरात अजूनही रोज सकाळी एक चावी हरवते. पण ती असते स्कूटरची!