स्थानिक कोण? मुल्की ते मल्टिझोन

सरकारी नोकरीतल्या वाट्यावरून एखादा प्रदेश किती ढवळून निघतो, हे पाहायचे तर हैदराबादच्या शंभर वर्षांकडे पाहावे. या काळात टक्केवारी अनेकदा बदलली. पण भांडण खरे पेटले ते दोन प्रश्नांवरून: स्थानिक कुणाला म्हणायचे, आणि वाटा खरोखर मिळाला की नाही हे मोजायचे कुणी?

निजामाच्या दरबारात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या अधिकाऱ्यांचा भरणा फार झाला, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. त्यातून १९१९ चे मुल्की नियम आले. संस्थानात जन्मलेला किंवा पंधरा वर्षे तिथे राहिलेला तो मुल्की, नोकरी त्याला. संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर कारभारातून उर्दू मागे पडली, इंग्रजी आली आणि तिच्याबरोबर बाहेरचे कर्मचारीही आले. खोटे मुल्की दाखले हातोहात मिळू लागले. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तो याच संतापातून. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि या कथेतून बाहेर पडला.

हैदराबादचा तेलुगू भाग, तेलंगण, मात्र आंध्रला जोडला गेला. शिकलेले, इंग्रजी जाणणारे किनारी आंध्रचे लोक नोकऱ्या घेऊन जातील, ही भीती राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगानेही नोंदवली होती. म्हणून २० फेब्रुवारी १९५६ रोजी दोन्हीकडच्या नेत्यांनी करार केला, ‘जंटलमेन्स ॲग्रीमेंट’. कनिष्ठ सेवांसाठी बारा वर्षांच्या रहिवासाची अट त्यात होती. पुढच्या वर्षी संसदेनेही तसा कायदा केला. पण करार पाळला जातो का, हे पाहणारे सरकार ज्यांच्या हाती, त्यांच्यावरच आरोप होते.

१९६९ च्या जानेवारीत तेलंगणचे विद्यार्थी रस्त्यावर आले. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या कायद्यातली ती तरतूदच रद्द केली: घटना राज्यातल्या रहिवासाची अट घालू देते, राज्याच्या एका भागातल्या रहिवासाची नाही. मग ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुल्की नियम अजून जिवंत असल्याचा निर्वाळा दिला. मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांनी निकालाचे स्वागत केले आणि किनारी आंध्रात ‘जय आंध्र’ आंदोलन भडकले. राजधानी हैदराबाद आमचीही, मग तिथे आम्ही परके कसे, हा त्यांचा सवाल. जानेवारी १९७३ मध्ये राव यांचे सरकार गेले, राष्ट्रपती राजवट आली.

सहा कलमी तोडगा निघाला तो त्यानंतर. मुल्की नियम गेले. घटनेत ३७१-डी हे कलम आले आणि १९७५ च्या राष्ट्रपती आदेशाने राज्याचे झोन पाडले. जिल्हा पातळीवरच्या कनिष्ठ पदांत ८० टक्के, झोनच्या अराजपत्रित पदांत ७० आणि ठरावीक राजपत्रित पदांत ६० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिकत्व ठरवण्यात आता शिक्षणाला महत्त्व आले: पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे त्या भागात शिकलेला तो स्थानिक. (महाराष्ट्रासाठीच्या ३७१(२) मध्ये नोकरीच्या ‘पुरेशा संधी’ची भाषा आहे, पण त्यातून अशी टक्केवारी कधी निघाली नाही.)

कागदावर ही रचना नेटकी होती. स्थानिक उमेदवाराने स्थानिक आणि खुल्या अशा दोन्ही जागांसाठी स्पर्धा करायची, बाहेरच्याने फक्त खुल्या. तेलंगणची तक्रार अशी की प्रत्यक्षात उरलेला खुला हिस्सा बाहेरच्यांचाच मानला गेला. १९८५ मध्ये कर्मचारी संघटनेने ५८,९६२ जणांच्या नेमणुका नियमबाह्य असल्याचा आकडा मांडला. त्या वर्षाच्या अखेरीस एन. टी. रामाराव सरकारने त्यांना परत पाठवण्यासाठी ६१० क्रमांकाचा शासन आदेश काढला. मुदत होती ३१ मार्च १९८६. त्यानंतर पंधरा वर्षांनीही या आदेशाचे काय झाले हे तपासायला २००१ मध्ये गिरग्लानी आयोग नेमावा लागला! २००९ मध्ये पोलीस भरतीपुरते हैदराबाद ‘फ्री झोन’, म्हणजे स्थानिकांसाठी राखीव वाटा नसलेला भाग, असल्याचा निकाल आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेगळ्या तेलंगणसाठी के. चंद्रशेखर राव उपोषणाला बसले. पाणी, निधी आणि नेमणुका या तीन मागण्यांवर उभे राहिलेले तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले.

आता बाहेरचा कोण? २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाने सात झोन आणि त्यांना एकत्र करणारे दोन मल्टिझोन पाडले, स्थानिकांचा वाटा ९५ टक्क्यांवर नेला. डेप्युटी कलेक्टर, डीएसपी यांसारखी ग्रुप-१ ची पदे पूर्वी राज्य पातळीवरची असल्याने या वाटपाबाहेर होती. तीही मल्टिझोनमध्ये आली. स्थानिकत्व पहिली ते सातवीपर्यंतच्या शाळेवरून ठरू लागले. सीमा पुन्हा आखल्यावर २०२१ च्या अखेरीस ३१७ क्रमांकाच्या आदेशाने कर्मचाऱ्यांचे नव्या जिल्ह्यांत वाटप झाले, तेव्हा आपल्याच राज्यात परजिल्ह्यात फेकले गेल्याची ओरड शिक्षकांनी केली. २०२२ मध्ये ५०३ पदांसाठी ग्रुप-१ ची परीक्षा झाली आणि पेपरफुटीत रद्द झाली. वाट्याची हमी घटनेत होती, परीक्षेची मात्र नव्हती.

संस्थान, मग प्रदेश, मग झोन, मग जिल्हा: प्रत्येक टप्प्यावर स्थानिकांचे कुंपण आत सरकले. मागासलेल्या भागाला वाटा देणे न्याय्यच होते. राखीव जागांशिवाय आदिलाबादचा मुलगा विजयवाड्याच्या मुलापुढे टिकला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण दर वेळी नियम आखणाऱ्यांनी टक्का ठरवण्यात शक्ती खर्चली आणि तो पाळला जातो का हे तपासणारी परिणामकारक स्वतंत्र यंत्रणा उभी केली नाही. १९५६ चा करार, १९८५ चा आदेश, दोन्ही तिथेच फसले. ९५ टक्क्यांचे यश आता नव्या राज्याच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षा वेळेवर आणि स्वच्छ होतात की नाही, यावर ठरेल. दोष द्यायला शेजारचा प्रदेश आता उरलेला नाही.